पुष्पीची बारी

शिबिराचा रेकॉर्ड झाला, पेपरात फोटो आला, अध्यक्षाच्या गळ्यात हार पडले, अन् माह्या पोरीच्या वाट्याले रक्ताचा थेंब राह्यला नाही. आता लोकं म्हंतात, आशाबाईचं तोंड लई चालते. चालनार नाही तं काय करीन? पोरगी माही हाये.

पिंपळगाव राजाले बस स्टँडच्या मांगं पिठाची गिरनी हाये ना, ते माही. पुष्पीचे पप्पा ट्रकवर असतात, महिन्यातून दोन-चार रोज घरी येतात. पुष्पी, म्हंजे पुष्पांजली, आमची एकुलती एक, दहा वर्साची. तिच्या आंगात रक्त टिकत नाही. जलमाचीच बिमारी हाये, थॅलेसेमिया म्हंतात तिले. दर तीन आठवड्याले खामगावच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवा लागते. चढलं की पोट्टी उड्या मारते, शाळेत जाते, पोराईसंग भांडते. उतरलं की पिवळी पडते अन् ओट्याच्या दोन पायऱ्या चढाले तिले दम लागते. त्यात गट कोनता, तं ओ निगेटिव्ह. शेकड्यात एखादा मानूस भेटला तं भेटला. दवाखान्यात कधी असते, कधी नसते, अन् उन्हाळ्यात तं नसतेच.

आमच्या गावात सेवा क्लब हाये. डोळ्याचं शिबिर घेतात, उन्हाळ्यात पानपोई लावतात, पावसाळ्यात झाडं लावतात अन् दुसऱ्या वर्सी तेच गड्डे पुन्हा खंदतात. मी हासते त्याईले. पन खोटं कायले बोलू, माही पोरगी त्याच क्लबच्या तीन लोकाईनं जगवली. एक मतीन, मोटारपंपाची वाइंडिंग करते तो. दुसरे रंगराव काका, साठीच्या घरातले, शेतीवाले. तिसरा प्रेम, मोबाइल दुरुस्त करनारा पोट्टा, पहिली बारी आली तवा त्याले नुकतेच अठरा भरले होते. तिघाईचाबी गट पुष्पीचाच. दवाखान्यात रक्त नसलं की याईची बारी लागे. ज्याचं देऊन झालं त्यानं पुढच्याच्या घरी जाऊन चहा प्याचा अन् सांगाचं, "आता तुही बारी." चहा पाजला म्हंजे कबूल केलं. मंग तो गडी बारी होईलोक कुठी लंबा जात नसे, पालकाची भाजी खाये, आंगात कसर असली तं लपवत नसे. कोनी लिहून ठेवलं नाही, कोनी ठराव केला नाही. आठ वर्सं हे चाललं, एकदाबी चुकलं नाही.

अन् चुकलं तं कसं चुकलं पाहा.

यंदा क्लबले पंचवीस वर्सं झाले. अध्यक्ष भगवंतराव, कृषी केंद्रवाले. मानूस वाईट नाही, पन माइक दिसला की त्याचं भान सुटते. त्याच्या मनात आलं, शंभर लोकाईचं रक्तदान झालंच पाह्यजे, तालुक्यात कोनी केलं नसन असं. बाहेरगावच्या रक्तपेढीची गाडी बलावली, शाळेच्या हॉलमंधी खाटा टाकल्या, भोंगा लावला, पाहुने आनले. मले सांगतलं, "आशाबाई, पोह्याचं तुमच्याकडे." म्या म्हटलं, बिनघोर राहा. मांगच्या पडवीत दोन शेगड्या, घमेलंभर पोहे, डोळ्यात घाम. पुढं माइकवर आकडा वाढून राह्यला, लोकं टाळ्या वाजवून राह्यले, अन् मी कांदे कापून राह्यली. त्या टाळ्याईमंधी माह्या पोरीचं रक्त गाडीत बसून निंघून गेलं, अन् मले पत्ता नाही.

पंधराक दिवसानं पुष्पीची येळ आली. नखं पांढरे पडले, शाळेतून येऊन दप्तर न काढता निजे. दवाखान्यात फोन लावला, तं रक्त नाही. म्या म्हटलं, नसू दे, रंगराव काकाची बारी हाये. काकाच्या घरी गेली, तं ते अंगनात ठिबकच्या नळ्या साफ करत बसले होते.

"काका, उद्या खामगावले जा लागते."

काकानं हातातली नळी खाली ठेवली. "आशा, म्या तं शिबिरात देल्लं ना वं."

"काऊन देल्लं?"

"पाहुन्यानं हातच धरला. म्हने, काका, तुमच्यापासून सुरुवात करू. पूरा हॉल पाहून राह्यला होता. नाही कसं म्हनू? म्या म्हटलं, मतीन अन् प्रेम तं हायेतच."

म्या तठीच उभ्या उभ्या मतीनले फोन लावला. "भाभी, म्याबी देल्लं. मले वाटलं, बारी काकाची हाये, ते राखून ठेवतीन. बुढा मानूस शिबिरात कायले देते?"

प्रेमचं दुकान काकाच्या गल्लीतच हाये. त्याले हाक मारली, तं तो आला अन् खाली मान घालून उभा राह्यला.

"काकू, आकडा शंभराच्या तोंडाशी येऊन अडकला होता. माइकवर माह्यं नाव घेतलं. मले वाटलं दोघं..."

"तिघंबी एकाच हॉलात होते ना बे? एकमेकाईचे तोंडं नाही पाह्यले?"

"पाह्यले," रंगराव काका म्हने. "संग बसून केळं खाल्लं. पन आशा, ते शिबिर होतं. पुष्पीची बारी थोडी होती!"

घ्या! आता याले काय म्हनावं? देवाच्या दिव्याचं तेल वेगळं अन् फोडनीचं तेल वेगळं, तसं याईच्या डोक्यात पुष्पीचं रक्त वेगळं अन् शिबिराचं वेगळं. आंग एकच हाये, हे तिघातून एकाच्याबी ध्यानात आलं नाही. तीन महिने पुन्हा देता येत नाही, हे त्याईलेबी माहीत अन् मलेबी माहीत. काकाच्या ओट्यावर बसली अन् तोंडाले येईन ते बोलली. बुढ्या मानसालेबी सोडलं नाही. काका नुसते नळ्याईकडे पाहत राह्यले. त्याईनं मले एखादी शिवी देली असती तं बरं वाटलं असतं.

तिथून तडक कृषी केंद्रात. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्या पाह्यलं नाही.

"भगवंतभाऊ, तुमचा रेकॉर्ड झाला ना? आता माह्या पोरीले रक्त पाह्यजे. कुठून देता?"

त्याईले समजाले उशीर लागला. समजलं तसं तोंड उतरलं. "आशाबाई, मले काय माहीत तिघंबी देतीन म्हनून? थांबा, मी पाह्यतो. होईन काहीतरी."

अन् त्याईनं फोन सुरू केले. खोटं नाही बोलत, मन लावून केले. ज्याईची गाडी आली होती त्या रक्तपेढीले लावला. ते म्हने, निगेटिव्हच्या बाटल्या तं चार दिवसातच लागून गेल्या. अकोल्याले लावला, बुलढान्याले लावला, जालन्याले लावला. कुठी नाही, कुठी हाये तं पहिलेच कोनाच्या तरी ऑपरेशनसाठी राखून ठेवलेलं. क्लबच्या ग्रुपवर मेसेज टाकला, पुष्पीचं नाव, गट, दवाखाना, माहा नंबर. मेसेज अख्ख्या जिल्ह्यात फिरला. रात्र पडाच्या आधी लोनारहून माह्या चुलत ननंदेचा फोन आला, "वयनी, कोन्या तरी पुष्पांजलीले रक्त पाह्यजे वं, बिचारी लहान पोरगी हाये, तुमच्या वळखीत कोनी हाये का?" म्या म्हटलं, "अवो बाई, ते आपलीच पुष्पी हाये." तिकडं ते रडाले लागली. मले रडालेबी फुरसत नव्हती. एकामांगं एक फोन येत होते. कोनी म्हने माहा ओ पॉझिटिव्ह हाये, चालते का? कोनी म्हने माहा भाऊ हाये निगेटिव्ह, पन तो दुबईले असते. कोनी नुसतंच म्हने, देव भलं करीन.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिले काळीपिवळी जीपमंधी घालून खामगावले नेलं. पोट्टी माह्या मांडीवर डोकं ठेवून, अन् तिचं काळीज असं धडधडून राह्यलं की मले माह्या मांडीले समजे. ओठ पिठासारखे पांढरे. डॉक्टरीनबाईनं तपासलं, ऑक्सिजन लावला, मले बाहेर नेलं. म्हने, "हिमोग्लोबिन चारच्याही खाली गेलं. हृदयावर ताण येतोय. आजच्या आज रक्त पाहिजे, आशाताई. उद्यावर नका टाकू."

"ओ पॉझिटिव्ह नाही चालत का वं बाई?"

"ती अगदी लहान असताना एकदा चढवून पाहिलं होतं ना, आठवतं? काय हाल झाले होते तिचे?"

आठवते. कसं नाही आठवत? थंडी वाजून पोरगी खाटेसगट हालत होती. पुष्पीच्या पप्पाले फोन लावला. ते गुजरातमंधी, ट्रक माल भरून उभा. ते म्हने, "मी निंघतो." म्या म्हटलं, "निंघून पोचसान कवा? अन् पोचून करसान काय? तुमचा गट माह्यावानीच पॉझिटिव्ह." तिकडून फोन बंद झाला नाही अन् आवाजबी आला नाही. गडी मानूस रडला की असाच रडते.

तेवढ्यात पाह्यते तं मतीन, रंगराव काका अन् प्रेम, एकाच मोटारसायकलवर तिघं, उन्हातून आलेले. मतीन माह्या कानात म्हने, "भाभी, आमी सांगनारच नाही की शिबिरात देल्लं. त्या गाडीचा अन् याईचा काय संबंध? तिघातून एकाचं तं घेतीनच."

मले कळत होतं हे बरोबर नाही. पन म्या नाही म्हटलं नाही. जा म्हटलं, लवकर जा.

दवाखान्याच्या रक्तपेढीत शाकिरभाई असतात. आठ वर्सं या तिघाईच्या दंडात सुई खुपसनारे तेच. मतीन खुर्चीत बसला, बाही वर केली. शाकिरभाईनं सुई घेतली नाही. चष्मा काढला.

"मतीन, पेपर मीबी वाचतो. शिबिराचा केवढा फोटो आला. अध्यक्ष पुढं खाटेवर, तुम्ही तिघं दुसऱ्या लाइनमंधी उभे, हातात सर्टिफिकेट."

"शाकिरभाई, घ्या ना यार. मले काय होत नाही. मी लिहून देतो."

"तुहं हिमोग्लोबिन पाह्यलं का?" त्याईनं बोटाले टोचून पाह्यलंच. बाराच्या खाली. काकाले तं शिबिरानंतर बी.पी.च्या गोळ्या सुरू झालेल्या, ते त्याईनं आमालेबी सांगतलं नव्हतं. प्रेमले तपासाले बसवलं तं पोट्टा आठ दिवसाच्या तापातून उठलेला, डोळे अजून पिवळे. शाकिरभाई म्हने, "मी हे रक्त घेतलं अन् तिले काही झालं, तं तुम्ही मले माफ करसान का?"

तिघं बाहेर आले अन् भिताडाले टेकून बसले. माह्या पोरीले जगवनारं रक्त तीन आंगात वाहून राह्यलं होतं, माह्यापासून हातभर दूर, अन् मले त्यातलं चमचाभर घेता येत नव्हतं. काका डोळे पुसत होते. मले त्याईचा राग आला अन् कीवबी आली, अन् दोन्हीचा काही उपेग नव्हता. म्या गजानन बाबाले हात जोडले. नवस नाही बोलली, नुसतं म्हटलं, बाबा, पाह्यता ना?

दुपार कलली तवा भगवंतराव आले. हातात सफरचंदाची पिशवी. ते पिशवी पाहून माह्या मस्तकाची शीर तडकली.

"हे काय आनलं? हे तिच्या नसीत भरू का?"

"आशाबाई, सकाळपासून फोनच करून राह्यलो. नागपूरहून एकजन..."

"नागपूरहून येईलोक पोरगी राहीन का माही? या, आत या. तुमच्या डोळ्यानं पाहा."

त्याईले यायचं नव्हतं. म्या दंडाले धरून वॉर्डात आनलं. पुष्पीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती भात्यावानी खालीवर होत होती. तिनं डोळे उघडले अन् मास्क बाजूले सारला. आता या पोरीची एक सवय हाये. दुसरे लेकरं मानसाले नाव इचारतात, हे गट इचारते. मास्तरले इचारला, कंडक्टरले इचारला, घरी आलेल्या सोयऱ्याले पानी द्याच्या आधी इचारते.

"काका," ते म्हने, अन् मधात दम घ्याले थांबली, "तुमचा गट कोनता?"

भगवंतरावनं सफरचंदाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मले वाटलं, मानूस घाबरला असन. मंग ते माह्याकडे नाही, तिच्याकडेबी नाही, खाटेच्या लोखंडी पायाकडे पाहून म्हने, "तुहाच, बेटा."

मले आधी काही समजलंच नाही. पुष्पीले समजलं. ते हासली, अन् मास्क पुन्हा तोंडावर ठेवून डोळे मिटले.

म्या त्याईले बाहेर ओढलं. "काय म्हटलं तुमी?"

"ओ निगेटिव्ह हाये. हर्नियाच्या ऑपरेशनच्या येळी समजलं होतं."

"कवा?"

"लई वर्सं झाले."

"अन् शिबिरात?" मतीन उठून पुढं आला होता. "अध्यक्षसाहेब, फोटोत तं तुमी खाटेवर झोपलेले. हातात दाबाचा चेंडू. मंग तुमचंबी तीन महिने..."

"फोटोपुरतं झोपलो होतो," भगवंतराव म्हने. आवाज इतका बारीक, मानसाचा वाटेच ना. "सुई लावलीच नाही. नुसती पट्टी चिटकवली. मले... मले नाही सोसत ते. सुई पाह्यली की माहे हातपाय थंडे पडतात. लहानपनापासून. कोनाले सांगू? अध्यक्ष मानूस."

आठ वर्सं. आठ वर्सं हा मानूस माह्या गिरनीत दळन घेऊन येई, पुष्पीच्या डोक्यावर हात ठेवे, "कशी हायेस बेटा?" म्हने. पुष्पीनं गट इचारला की हासून टाळे. मी गावोगाव फिरली, पिंपळगावच्या दर एका घरी इचारलं, लग्नामंधी जेवत्या पंगतीले इचारलं. लोकं मले पाहून गल्ली बदलाले लागले होते. अन् हा खाटेवर झोपून फोटो काढे. माहा हात उठला होता. खरं सांगते, पायतान काढाच्या बेतात होती मी. काकानं माहं मनगट धरलं.

"आशा, आधी रक्त."

आधी रक्त. बरोबर हाये. राग कुठी पळून नाही जात.

शाकिरभाईनं पेपरातला फोटो आठवून पहिले नाहीच म्हटलं. मंग भगवंतरावनं त्याईच्यापुढं, मतीन-प्रेमच्यापुढं, दोन अनोळखी नर्सबाईच्यापुढं पुन्हा सांगतलं, की म्या देल्लं नव्हतं, ते खोटं होतं. सांगताना त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. शाकिरभाईनं बोटाले टोचलं, बी.पी. पाह्यलं, गट तपासला. सगळं ठीक. म्हने, "झोपा. तपासन्या होऊन चढवालोक सांज होईन, पन आजच होईन."

भगवंतराव झोपले. सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज झाला तं अर्धे उठूनच बसले. "थांबा, थांबा जरा." शाकिरभाई थांबले. भगवंतरावनं इकडं तिकडं पाह्यलं. तठी मतीन होता, काका होते, पन त्याईनं मलेच म्हटलं, "आशाबाई, हात धरता का? नाही तं मी उठून जाईन. माह्यावर माहा भरोसा नाही."

माह्या मनात आलं, हात? तुहा? पन तो खरोखरच उठून गेला असता. म्या स्टूल ओढलं अन् त्याचा हात धरला. थंडागार, घामेजलेला. शाकिरभाईनं सुई घातली. तो गुरावानी हुंकारला, डोळे गच्च मिटले, अन् नळीतून लाल धार बाटलीत उतराले लागली.

मी त्या बाटलीकडे पाहत बसली. तीन आठवड्यानं पुन्हा येळ येईन. तवा मतीन नाही, काका नाही, प्रेम नाही, अन् आता हाबी नाही. पुन्हा फोन, पुन्हा दारं, पुन्हा कोनीतरी म्हनीन देव भलं करीन. आजचा दिवस निंघाला, बस, एवढंच हातात होतं. अन् एवढ्यासाठी मले या मानसाचा हात धरा लागत होता, ज्याच्या नरडीले माहे बोटं लागले असते तं मले कोनी दोष देल्ला नसता.

त्याच्या मिटल्या डोळ्यातून पानी येत होतं. सुईचं का शरमेचं, त्याचं त्याले माहीत. माह्या तोंडात शिव्याईची रांग लागली होती, अन् निंघालं काय तं, "दुखते का भाऊ?"

"हाव," तो म्हने.

"दुखू द्या," म्या म्हटलं, अन् त्याचा हात अजून घट्ट धरला.